नववीत जॉमेट्री, मग अल्जिब्रा कुठे?

ह्यूस्टनजवळच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी काउन्सेलर आहे. मुलांचे विषय, क्रेडिट, कॉलेजचे अर्ज हे माझं काम. 2024च्या ऑगस्टमधली गोष्ट. शाळा उघडायला चार दिवस होते. बारावीत जाणारा, आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) आईला घेऊन माझ्या केबिनमध्ये आला.

मुलगा तीन स्टारचा. रिक्रूटिंगच्या वेबसाइट देशभरच्या शाळकरी फुटबॉल खेळाडूंना असे स्टार देतात. पाच स्टार अगदी थोड्यांना, साधारण 32 जणांना. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या फेरीत 32 खेळाडू निवडतात, त्या हिशोबाने. तीन स्टार म्हणजे मोठ्या कॉलेजात खेळण्याजोगा. उंची, वजन, 40 यार्डांची धाव, हडल या व्हिडिओंच्या साइटवरच्या क्लिपा, त्याचं सगळं जगाला दिसत होतं. 14 कॉलेजांनी स्कॉलरशिपची तोंडी ऑफर दिली होती. पण तोंडी ऑफर कोणालाच बांधून ठेवत नाही. लेखी ऑफर सीनियर वर्षाच्या, म्हणजे बारावीच्या, 1 ऑगस्टपासूनच देता येते, आणि त्याला हव्या असलेल्या कॉलेजचा कागद अजून आला नव्हता. तिथल्या कोचने संध्याकाळपर्यंत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेड-क्रेडिटचा अधिकृत उतारा, मागितलं होतं.

मी पेन घेऊन मोजायला बसले. एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांची संघटना. तिच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, खेळायचं तर 16 कोअर कोर्स, म्हणजे तिने मान्य केलेले मुख्य विषयांचे कोर्स, लागतात. त्यातले 10 सीनियर वर्ष सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत, आणि त्या 10पैकी 7 इंग्रजी, गणित, विज्ञानातले. साडेनऊ भरले. पुन्हा मोजले. साडेनऊच.

दहावीत एका सेमिस्टरला, म्हणजे अर्ध्या कोर्सला, तो इंग्रजीत नापास झाला होता. ते क्रेडिट त्याने उन्हाळ्यात कॉम्प्युटरवर बसून नऊ दिवसांत भरून काढलं होतं. हायस्कूलच्या डिप्लोमाला, म्हणजे शाळा पास व्हायला, ते चालतं. एनसीएएच्या मान्य यादीत तो कोर्स नव्हता. त्याला तो कोर्स आमच्याच ऑफिसने दिला होता. हे मी त्याच्या आईला जसंच्या तसं सांगितलं. ती रात्रपाळी करून थेट आली होती. म्हणाली, "मॅम, आम्हाला वाटलं, पास म्हणजे पास."

10 भरले नाहीत तरी स्कॉलरशिप मिळू शकते, सरावही करता येतो, पण पहिल्या वर्षी सामने खेळता येत नाहीत. अशा मुलासाठी जागा अडवायला कोच सहसा तयार नसतो. मुलगा काहीच बोलत नव्हता. सकाळच्या सरावात मनगटाला लावलेल्या टेपचा चिकटा अंगठ्याने घासून काढत होता. सतरा वर्षांचं पोर. माझ्या पोटात खड्डा पडला होता.

तेवढ्यात नजर नववीच्या ओळीवर गेली. जॉमेट्री, बी. नववीत जॉमेट्री? आमच्याकडे आधी अल्जिब्रा वन, मग जॉमेट्री.

"अल्जिब्रा कधी केलास?"

"आठवीत, मॅम. लुइझियानात असताना."

आठवीत केलेला हायस्कूलचा कोर्स एनसीएए धरते, पण तो ग्रेड आणि क्रेडिटसकट हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर चढलेला हवा. तो चढलाच नव्हता. पुढच्या वर्गात बसलाय म्हणजे मागचा झालाच असणार, असं तीन वर्षं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीसुद्धा.

आई उठली, गाडीतून एक झिपलॉक पिशवी घेऊन आली. जन्मदाखला, लसींचं कार्ड, आणि चार घड्या घातलेलं आठवीचं प्रगतिपुस्तक. तीन घरं बदलली तरी तिने ते जपलं होतं. अल्जिब्रा वन, बी, एक क्रेडिट. हे अधिकृत नव्हे, पण आता तिकडच्या ऑफिसला नेमकं काय शोधायचं ते सांगता येत होतं. तीन नंबर फिरवले. चौथ्यावर एक बाई भेटल्या. त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या, आणि पावणेचारला शिक्क्यासह कागद स्कॅन होऊन आला. साडेनऊचे साडेदहा झाले. पाचच्या आत नवं ट्रान्सक्रिप्ट गेलं.

लेखी ऑफर आठवड्यात आली. नोव्हेंबरमध्ये तीच काढून घेतली: त्या जागेसाठी आम्ही ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, अनुभवी खेळाडू बघतोय, असं कळवलं. 2018मध्ये पोर्टल आल्यापासून शाळकरी मुलांच्या वाट्याला हे वारंवार येतं. कोच मोकळे होतात, पण मुलाने मधल्या काळात बाकीच्यांना नकार दिलेला असतो. मला याचा मनापासून राग येतो.

4 डिसेंबरला त्याने डिव्हिजन वनच्याच एका लहान कॉलेजशी करार केला. मुलाला एका कॉलेजशी बांधणारं, 60 वर्षं चाललेलं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे करारपत्र त्याच ऑक्टोबरात बंद झालं होतं, म्हणून सही झाली ती थेट आर्थिक मदतीच्या करारावर. आईने त्याची एक प्रत घडी करून त्याच पिशवीत ठेवली.

आता मी ही मोजणी दहावीतच करते. मागच्या मे महिन्यात दोन पोरं त्याच कॉम्प्युटरच्या कोर्सला नाव घालायला आली होती. दोघांनाही उन्हाळी वर्गात, शिक्षकांसमोर बसवलं.