अ‍ॅक्सोलॉटलची पिल्लं: एप्रिल निभावला, जून छळतोय

१० जून, दुपारचे तीन. टाकीतलं पाणी २५.१ अंश. पंखे चालू आहेत, पण नुसतेच फिरतायत.

पुण्यात अ‍ॅक्सोलॉटल (थंड पाण्यातच राहणारा, पालीच्या आकाराचा उभयचर) पाळायचे म्हटलं की जो तो एप्रिलची भीती घालतो. मला एप्रिल सोपा गेला. बाहेर ४० असलं तरी हवा एवढी कोरडी, की टाकीच्या तोंडावर लावलेल्या कॉम्प्युटरच्या दोन पंख्यांनी पाणी २२ च्या आसपास धरून ठेवलं. माठाचंच तंत्र. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं घालायचं. नळाचं घालत राहिलात तर क्षार साठत जातात. पावसाआधीच्या या दमट आठवड्यात मात्र पाणी उडतच नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या बाटल्या सोडतोय. २४ च्या वर फार दिवस गेले की ही मंडळी खाणं टाकतात, मग बुरशी धरते. चिलरचे (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचे) पैसे वाचवले याचा आता पश्चात्ताप होतोय.

पिल्लांची हकीकत राहिलीच होती. नर-मादी तीन आठवडे वेगळे ठेवून ११ जानेवारीच्या रात्री एकत्र सोडले. थंडी कडक होती, पाणी १६. मागच्या वर्षी तळाला नुसती काच होती, त्यामुळे नराने सोडलेले शुक्राणूंचे शंकू चिकटलेच नाहीत. यंदा शहाबादी फरशीचे खडबडीत तुकडे टाकले. सकाळी त्यांवर पांढऱ्या टोकाचे नऊ शंकू! ही फरशी चुनखडीची, त्यामुळे आपल्याकडचं मऊ पाणीही थोडं जड झालं, ते यांना मानवतं.

दुसऱ्या दिवशी अंडी. न्यूटची (हा यांच्याच जातकुळीतला) मादी एकेक अंडं पानात गुंडाळून ठेवते. ही बाई दिसेल तिथे चिकटवत सुटली, फिल्टरच्या नळीवरसुद्धा. तीनशेच्या वर होती. साठ ठेवली, बाकीची फ्रीझरमध्ये. वाईट वाटतं, पण तीनशे तोंडांना रोज जिवंत खाणं कोण पुरवणार?

सतराव्या दिवशी पिल्लं फुटली. पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर निघतात, मग हलणारंच खाणं लागतं. पिल्लांना १८ अंश हवेत आणि त्यांना भरवायच्या आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातले इवले जीव) अंडी फुटायला २८! खाऱ्या पाण्याची बाटली शेवटी फ्रीजच्या मागे ठेवली. आईने फक्त विचारलं, "आता फ्रीजमध्ये गांडुळंही येणार का?" (आली. भाजीच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात.)

बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय येतात, यांना पुढचे. आणि ते आले की शेजाऱ्याचे पाय चावणं सुरू. श्रीखंडाचे रिकामे डबे जमवून एकेकाला वेगळं केलं, तरी उशीरच झाला. साठातले तेवीस उरलेत, सगळे दहा सेंटीमीटरच्या आसपास. एकाचा तुटलेला पाय परत फुटलाय, बोटं अजून आखूड आहेत.

अ‍ॅक्सोलॉटल सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, तेव्हा जोडीसारखीच पिल्लांचीही नोंद 'परिवेश'वर (केंद्राच्या पर्यावरण खात्याचं पोर्टल) करावी लागते. ती केली. पिल्लं मागणारे बरेच आहेत. उन्हाळ्याची सोय काय, एवढंच विचारतो; "एसी आहे ना हॉलमध्ये" म्हणणाऱ्यांना नाही देत.

संध्याकाळी सात: २३.८. ढग आलेत, पण खडकवासल्याकडेच थांबलेत. दोन बाटल्या अजून गोठायच्या आहेत.