पाच जण, एक पीसी आणि केळीच्या खोडाचं मशीन

मेकॅनिकल फायनल इयरला आमचा प्रोजेक्ट होता केळीच्या खोडापासून धागा काढायचं मशीन. जळगावात राहून दुसरं काय सुचणार म्हणा, रावेर-यावलकडे घड कापला की खोड नुसतं बांधावर पडून सडतं, त्याच्या पट्ट्या फिरत्या ड्रमवर धरायच्या, ड्रमवरची बोथट ब्लेडं गर खरवडून टाकतात आणि हातात धागा उरतो. मशीन साधं आहे, पण इन्व्हेंटरमध्ये (ऑटोडेस्क कंपनीचं थ्रीडी डिझाईनचं सॉफ्टवेअर) फ्रेम, ड्रम, रोलर, मोटर, बेल्ट आणि सगळे नटबोल्ट टाकले की असेंब्ली एवढी जड झाली की माझा आय३ आणि ८ जीबी रॅमवाला लॅपटॉप फाईल उघडायला लावून मी खाली जाऊन चहा पिऊन यायचो, तरी गोल फिरतच असायचं.

मग पाचही जणांनी कॉन्ट्री काढून एक दणकट पीसी घ्यायचं ठरवलं. सगळ्यांनी सारखे पैसे टाकले नाहीत, चोपड्याच्या भिडूने जास्त टाकले आणि ते त्याने पुढे चार महिने ऐकवलं. रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसर म्हणजे १२ कोर (एकदम वेगवेगळी कामं करणारे १२ भाग), ६४ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० कार्ड. अर्धं सामान ऑनलाईन मागवलं, अर्धं गोलाणी मार्केटमध्ये फिरून फिरून. सॉफ्टवेअरचा खर्च नव्हता, ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना कॉलेजचा पुरावा दिला की वर्षभराचं लायसन्स फुकट देतं, पण ते ज्याच्या त्याच्या नावावर असतं, त्यामुळे ज्याने त्याने आपलं अकाउंट काढलं.

पहिले पंधरा दिवस वहीत नंबर लावून बसायचो आणि रोज भांडणं व्हायची. शहाद्याचा पोरगा रात्री ११ ला येऊन मागे उभा राहायचा, "उठ रे भो, आते मना नंबर शे", आणि खुर्चीतल्याचं "फक्त पाच मिनिटं" काही संपायचं नाही.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी आधी कळायला हवी होती. मी ड्रमचं मॉडेल रिबिल्ड होण्याची वाट बघत बसलो होतो, सहज टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू वापर ५ टक्के! म्हटलं हे काय. तर मॉडेलिंगचं बरंचसं काम एकाच कोरवर चालतं, एक स्टेप झाल्याशिवाय पुढची होत नाही, म्हणजे बाकीचे ११ कोर आमच्या पैशाने नुसते बसून. एकाला त्यांचा काही उपयोग नव्हता पण दोघं-तिघं एकदम बसले असते तर कोणालाच स्लो वाटलं नसतं.

मग रिमोट डेस्कटॉप केलं. पीसी एका खोलीत, बाकीचे आपल्या जुन्या लॅपटॉपवरून लॉगिन करणार, लॅपटॉप फक्त स्क्रीन आणि माऊसपुरता. वायफायवर मॉडेल फिरवताना अडकत होतं म्हणून नेटवर्क स्विच आणून केबल ओढली. विंडोजच्या ग्रुप पॉलिसी सेटिंग्जमध्ये रिमोट सेशनला ग्राफिक्स कार्ड वापरू द्यायची एक सेटिंग असते, ती ऑन केल्यावर मॉडेल मस्त फिरायला लागलं. पण साधं विंडोज प्रो एका वेळी एकालाच काम करू देतं. मी लॉगिन केलं की पाचोऱ्याचा बाहेर, त्याने केलं की मी बाहेर, म्हणजे वहीतलं भांडण आता केबलवरून सुरू झालं. एका सिनियरने पॅच सांगितला होता ज्याने एकदम चार जण लॉगिन होतात, पण ते लायसन्सच्या बाहेरचं आहे आणि विंडोज अपडेट आलं की बंद पडतं, तेही सबमिशनच्या आदल्या रात्री आलं तर काय, म्हणून नाही केलं. विंडोज सर्व्हर घेऊन करायचं तर माणशी वेगळं लायसन्स, तेही बजेटबाहेर.

शेवटी प्रॉक्समॉक्स टाकलं. हे फुकट आहे, एका पीसीवर दोन-तीन व्हर्च्युअल पीसी चालवता येतात. फक्त ग्राफिक्स कार्ड वाटून घेता येत नाही, आमच्यासारखं साधं कार्ड ज्या व्हर्च्युअल पीसीला दिलं ते पूर्ण त्याचंच. वाटून देणारी महागडी कार्डं आणि त्याचं वेगळं लायसन्स असतं, तो नाद सोडला आणि एक सेकंडहँड १०५० टीआय कार्ड घेतलं. विंडोजचं पण दुसरं लायसन्स घ्यावं लागलं कारण पीसी आता दोन झाले.

आणि इथे आमचे चार दिवस गेले. दुसरं कार्ड लावून व्हर्च्युअल पीसी चालू केला की सगळं नेटवर्कच गायब! पीसी चालू, पंखे चालू, पण कुठूनच लागत नाही. बटन दाबून बंद करायचा, परत तेच. पाचोऱ्याचा म्हणे केबल खराब, केबल बदलली. मी म्हटलं स्विच, तोही बदलला. खरं कारण असं की आमच्या बी५५० मदरबोर्डवर कार्डाचा खालचा स्लॉट आणि नेटवर्कचा पोर्ट एकाच आयओएमएमयू ग्रुपमध्ये (व्हर्च्युअल पीसीला हार्डवेअर ज्या गठ्ठ्याने देता येतं तो) होते आणि ग्रुप द्यायचा तर अख्खा द्यावा लागतो, म्हणजे कार्डाबरोबर नेटवर्क पण त्या व्हर्च्युअल पीसीकडे गेलं. प्रॉक्समॉक्समध्ये हे ग्रुप जबरदस्तीने वेगळे करायची एक बूट सेटिंग आहे, तिने सिक्युरिटी थोडी कमी होते पण आपल्या खोलीत कोण येतंय. ती टाकली आणि रात्री दीडला दोन्ही पीसी एकदम चालू झाले तेव्हा एवढी आरडाओरड केली की मालक काकू वर आल्या.

रॅमचं पण तसंच. कार्ड दिलेला व्हर्च्युअल पीसी सुरू होतानाच आपली सगळी रॅम पकडून ठेवतो, लागेल तशी घेऊ म्हणणं चालत नाही. २८-२८ दिली आणि ८ प्रॉक्समॉक्सला. तिसरा पीसी चालू करायला गेलो तर मेमरी नाही म्हणून एरर. दोनच खुर्च्या मग.

पाच जणांत दोन खुर्च्या कशा पुरल्या ते सांगतो. शेअर फोल्डरमधली एकच मेन असेंब्ली दोघांनी उघडली, नंतर सेव्ह करणाऱ्याने आधीच्याची बेअरिंग हाउसिंग उडवली, पूर्ण दुपारचं काम गेलं आणि दोन दिवस बोलणं बंद. त्यानंतर मशीनच कापून वाटलं. ड्रम माझा, फ्रेम चोपड्याची, रोलर शहाद्याचा, मोटर-बेल्ट पाचोऱ्याचा, आणि पाचव्याकडे मेन असेंब्ली, ती फक्त तोच उघडणार. सुटा ड्रम तर माझ्या डब्बा लॅपटॉपवर पण उघडत होता! मोठा पीसी लागायचा तो सगळं जोडून बघायला आणि स्ट्रेस ॲनालिसिसला, म्हणजे भार आल्यावर कुठे किती ताण येतो ते तपासायला.

ॲनालिसिस रात्रीच, कारण मे महिना, वरच्या मजल्यावरची खोली, बाहेर ४४ आणि आत स्लॅब तापलेला, दुपारी सीपीयू ९० डिग्रीला टेकायचा. एकाने कूलर पीसीकडे वळवला होता, कॅबिनेट हाताला ओलसर लागलं तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला धुतला. लाईट जायची वेगळीच, ६०० व्हीएचा यूपीएस लोडवर टी टी करून बसायचा म्हणून मोठा घेतला, आणि लाईटबिलाचं काकूंना आम्ही शेवटपर्यंत "फ्रिजसारखंच आहे काकू" असं सांगितलं.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी ब्लेड आणि पट्टीतली गॅप किती ठेवली एवढंच विचारलं. पीसीचं एक अक्षर नाही.

निकाल लागल्यावर वाटणी झाली. पीसी चोपड्याकडे गेला कारण पैसे त्याचे जास्त होते, मोठा यूपीएस शहाद्याला. माझ्या वाट्याला १०५० टीआय आणि २० मीटर केबल आली, आणि माझ्या लॅपटॉपला ते कार्ड बसतच नाही.