आमची वाटचाल : रिदम काढून देणारे, सांगली

गाण्यातला गायक काढून कराओके करून देणारे तेव्हाही गल्लोगल्ली होते. रिदम, म्हणजे गाण्यातले ढोलकी-तबला-ड्रमचे ठोके, काढून टाकून देणारं मात्र सांगली-मिरजेत आमच्याआधी कुणी माझ्या ऐकण्यात नाही, आणि हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. 2007 साली सांगलीच्या गावभागात भाड्याच्या खोलीत आम्ही दोघांनी काम मांडलं. मी, आणि मिरजेचा माझा भागीदार. तो सतारमेकरांच्या घरातला, जवारी, म्हणजे सतारीच्या घोडीची घासणी, लावता लावता कान तयार झालेला. मला जो ट्रॅक साफ वाटायचा, त्यात तो डोळे मिटून सांगायचा, ‘दुसऱ्या अंतऱ्यात डग्गा आहे अजून.’ आणि तबल्याच्या जोडीतला तो डावा डग्गा असायचा.

ऑक्टापॅड म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड वाजवणारे, ढोलकीवाले, तबलजी आमच्याकडे का यायचे, हे वाजवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मूळ गाण्यावर वाजवायला बसलं की रेकॉर्डमधला वादक आपल्या चुका झाकत राहतो. तो गप्प झाला की स्वतःचा हात ऐकू येतो.

तेव्हा हत्यार म्हणजे कूल एडिट हा आवाज कापायचा-जोडायचा प्रोग्रॅम आणि एक बरा हेडफोन. डाव्या बाजूतून उजवी वजा केली की मधोमध बसलेलं सगळं उडतं : गायक, ड्रमसेटचे किक आणि स्नेअर, बेस. कडेला ठेवलेली ढोलकी तशीच वाजत राहते, म्हणजे रिदमवाल्याला उपयोग शून्य. जुनं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं, रेकॉर्डिंग असेल तर वजा केल्यावर हाती काहीच उरत नाही. म्हणून आम्ही स्पेक्ट्रल व्ह्यू, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडून बसायचो. तिथं ठोका उभ्या रेघेसारखा दिसतो, सूर आडवा. उभी रेघ निवडायची, दाबायची, आडवीला धक्का लागू द्यायचा नाही. किकचं पोट 60 ते 100 हर्ट्झच्या आसपास, आणि तिथंच बेस गिटारही बसलेली. किक जास्त खरवडली की गाण्याचा पाया जातो. तबल्याचं तर आणखी अवघड. तो सुरात मिळवलेला, त्याची रेघ उभीही आणि आडवीही. डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे तळवा घासून काढलेला आवाज, सरकत जातो, त्याच्या मागे माउस घेऊन सरकायचं. एकेका गाण्याला रात्री जायच्या.

रिदम गेला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं पकडायची, हा पुढचा प्रश्न. जुनी गाणी क्लिकवर, म्हणजे मशीनच्या ठरावीक टिकटिकीवर, वाजवलेली नाहीत. सगळे वादक एकत्र बसून वाजवायचे, त्यामुळे मुखड्याची लय वेगळी आणि अंतऱ्यात चढलेली. आम्ही प्रत्येक मात्रेवर हातानं खूण करून लयीचा नकाशा बनवायचो आणि त्यावर बारीक क्लिक बसवायचो. सुरुवातीला मोजायला चार मात्रा. त्या मशीनच्या टिकटिकीच्या नव्हत्या. भागीदारानं घरची चिपळी आणून त्याच खोलीत रेकॉर्ड केल्या होत्या. तिसऱ्या ठोक्याला चिपळीची झांज किंचित जास्त वाजते. आमचा ट्रॅक त्यावरून ओळखायचा.

नियम एकच होता : मूळ कॅसेट किंवा सीडी ज्याची, त्यालाच ट्रॅक, तोही सरावापुरता. त्यावर आमची बरी वर्षं गेली.

ऑगस्ट 2019. घरमालकानं भिंतीवर 2005 च्या पुराची खूण दाखवली होती, म्हणून सगळी मशीन आम्ही तिच्या वर, पोटमाळ्यावर चढवली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. कृष्णा त्या वेळी 57 फुटांच्या वर गेली. खूण बुडाली, पोटमाळाही बुडाला. पाणी ओसरल्यावर हार्ड डिस्क उघडल्या तर आत गाळ. पंचनाम्यात नोंद झाली, ‘संगणक संच एक’. आतल्या लयीच्या नकाशांची किंमत कोण लावणार?

तेव्हा तासगावचे काका आले. भजनात पखवाज, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पिशवीत आम्ही त्यांना दिलेल्या सगळ्या सीड्या, एकेकीवर त्यांच्या हातानं गाण्याचं नाव आणि ताल लिहिलेला. ‘तुमचंच आहे, उतरवून घ्या,’ म्हणाले, आणि चहा न घेता गेले. त्या सीड्यांवरून आम्ही पुन्हा उभे राहिलो.

पण उसंत मिळाली नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीनं स्प्लीटर नावाचा प्रोग्रॅम फुकट खुला केला. गाणं टाकलं की गायन, ड्रम, बेस आणि इतर असे तुकडे पडतात. त्यावर आमच्याच हाताखाली शिकून गेलेल्या एका मुलानं दुकान थाटलं. नाव घेत नाही. पेन ड्राइव्हमध्ये शेकडो ‘रिदम-मायनस’, किंमत आमच्या एका गाण्याएवढी. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, कार्यक्रम बंद, आणि घरात बसलेल्या वादकांनी तेच बंडल घेतलं. एकानं मला ऐकवलं. सुरुवातीला चार ठोके, तिसऱ्याला झांज जास्त. मशीनचं काम तर सोडाच, आमचे ट्रॅक जसेच्या तसे भरले होते. मी फोन केला. म्हणाला, ‘दादा, आता हे सगळ्यांचंच आहे.’ हे वाक्य मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

मशीनशी माझं भांडण नाही. आज आम्ही सांगलीतच विश्रामबागेत आहोत आणि डेमक्स हा स्प्लीटरसारखाच प्रोग्रॅम रोज वापरतो. जिथं रात्र जायची तिथं मिनिटं लागतात. पण ही मशीनं पाश्चात्त्य ड्रमसेटवर घडलेली. तबला ती ‘इतर’मध्ये टाकतात, डग्ग्याचा घिस्सा बेसमध्ये ढकलतात, संबळ आली की अर्धी इकडे अर्धी तिकडे. पुढचं सगळं अजून हातानंच. भागीदार वयामुळे रोज येत नाही, तरी पखवाजाचं काम त्याच्या कानाखालून गेल्याशिवाय मी बाहेर सोडत नाही.

नव्या पोरांना सांगतो : व्हॉट्सॲपवर फिरलेलं गाणं आणू नका, दाबून दाबून त्याचा वरचा आवाज आधीच गेलेला असतो आणि ड्रम काढले की हायहॅटच्या, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजेच्या, जागी पाणी खळखळल्यासारखं येतं. सीडी आणा. पहिला आठवडा रिदम पूर्ण काढू नका, निम्म्यावर ठेवा, मग उतरवत न्या. आणि लय कमी करून वाजवायला लाजू नका.

त्या मुलानं आता चिपळी कापून टाकली आहे. चिपळी गेली की उचल कुठून घ्यायची ते कळत नाही. मग त्याचीच गिऱ्हाईकं पेन ड्राइव्ह घेऊन आमच्याकडे येतात, ‘फक्त सुरुवात टाकून द्या.’ सांगतो, मूळ सीडी आणा. आणली की नव्यानं काढून देतो, आणि पैसे पूर्ण गाण्याचे घेतो.