एकदा पेटली की पेटली

विक्रम चंद्रावर उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी, 24 ऑगस्ट 2023 ला, आमच्या एक्स-रे विभागात आधी पेढे आले आणि मग फिल्म. घन इंधनाची छोटीशी रॉकेट मोटर होती, चंद्राशी तिचा काडीचा संबंध नव्हता. फिल्म व्ह्यूअरवर लावली तर केसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) कडेला, लायनर (कवचाच्या आतलं अस्तर) आणि इंधनाच्या मधे, केसाएवढी काळी रेघ. म्हणजे तिथे फट असावी.

"सावली असेल हो," उत्पादनवाले साहेब म्हणाले. त्यांचीही अडचण खरी होती. एकदा ओतून घट्ट झालेलं इंधन पुन्हा पातळ करता येत नाही, म्हणजे दोष निघाला तर मोटर वायाच. कोन बदलून परत फिल्म काढली. रेघ जागच्या जागी!

आमची ट्रेनी शेजारीच होती. "मॅडम, विक्रमला अशी मोटर का नाही लावली? ना पंप, ना व्हॉल्व्ह."

म्हटलं, अगं, नासाच्या सर्व्हेयर यानांना होतीच की. ती चंद्राभोवती न फिरता थेट खाली यायची, सेकंदाला 2,600 मीटरच्या आसपास वेगाने. साधारण 75 किलोमीटरवर मोटर पेटली की चाळीसेक सेकंदांत तो वेग सव्वाशेच्या आत. उंची ओळखणारा रडार बसवला होता चक्क मोटरच्या नॉझलमध्ये, म्हणजे वायू बाहेर पडायच्या तोंडात. मोटर पेटली की तिच्याच वायूंनी तो बाहेर फेकला जायचा. (या युक्तीवर मी बेहद्द खूश आहे.) मग रिकामी मोटर टाकून द्यायची आणि उरलेलं काम तीन छोटी द्रव इंधनाची इंजिनं करायची. सर्व्हेयर 1 निघालं 995 किलोचं, उतरलं 294 किलोचं.

विक्रमला मात्र खाली येताना थबकून जागा बघायची होती. त्याच्या 800 न्यूटनच्या चार इंजिनांचा जोर कमी-जास्त करता येत होता. घन मोटर एकदा पेटली की कुणाचं ऐकत नाही.

"आणि बिघडली तर?"

17 जुलै 1967 ला सर्व्हेयर 4 ची मोटर विझत आली होती, तेवढ्यात संदेश तुटला. मोटर फुटली असावी असा एक अंदाज. नक्की कारण कधीच कळलं नाही. आमच्या रेघेवर बोट ठेवून तिला दाखवलं: ज्वाळा इथे शिरली की जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो आणि केसिंग फाटतं.

साहेब ऐकत होते. "म्हणजे रिजेक्ट?"

"रिजेक्ट."

त्यांनी कुरकुरत सही केली, पण जाताना इंधनाच्या त्याच मिक्सच्या (एकाच वेळी कालवलेल्या घाण्याच्या) बाकीच्या मोटरी दुपारीच एक्स-रेला पाठवतो म्हणाले. आणि पाठवल्याही.