१९९६ ची डॉज रॅम २५००, ५.९ कमिन्स: पाच टनांचा ट्रेलर ओढण्यासाठी बांधणी, आतापर्यंतची नोंद

गाडी १९९६ ची, फोर बाय फोर. एनव्ही ४५०० हा पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, मागे डाना ८० ॲक्सल, रेशो ३.५४. इंजिन सहा सिलिंडर, १२ व्हॉल्व्ह, डिझेल फवारणारा बॉश पी७१०० इनलाइन पंप. मॅन्युअल बॉक्सच्या गाडीला त्या वर्षी कारखान्यातून २१५ हॉर्सपॉवर आणि ४४० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ५९७ न्यूटन-मीटर टॉर्क मिळायचा. ओढायचा आहे गूजनेक ट्रेलर, म्हणजे गाडीच्या हौद्यातल्या बॉलवर जोडला जाणारा, भरून पाच टन. रस्ता अमेरिकेच्या कोलोरॅडोतला आय-७० महामार्ग. तिथे आयझेनहॉवर बोगद्यापाशी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंची गाठावी लागते आणि मग उतरावंही लागतं.

आपल्याकडच्या वाचकाला हे इंजिन परकं नाही. टाटा १६१३ टीसी मध्ये बसायचं ते ६बीटी याच घराण्यातलं. खंबाटकी घाटात भरलेली १६१३ दुसऱ्या गिअरवर चढताना जो आवाज येतो, तोच हा. पण घराणं एक म्हणून पार्ट एक असं नाही. पिस्टन, पंप, पुढचं गिअर हाउसिंग, ऑइल पॅन यांत फरक आहेत. इंजिनाच्या डेटा प्लेटवर सीपीएल, म्हणजे त्या इंजिनाच्या पार्टांच्या यादीचा नंबर असतो. पार्ट मागवायचा तो त्या नंबरावर, फोटो बघून नाही.

कामाचा क्रम आधीच ठरवला: थांबणं, थंड राहणं, मग ओढणं. बहुतेक जण उलट करतात, जास्त डिझेल जावं म्हणून पंपाची प्लेट आधी घासतात. या इंजिनाला ताकद कमी नाही. तीच ताकद चढावर अर्धा तास सलग द्यायची आणि उतारावर ब्रेक तापू न देता खाली यायचं, अवघड आहे ते हे.

ब्लॉक

याला स्लीव्ह नाही. बोअर थेट ब्लॉकमध्येच कापलेलं आहे, त्यामुळे लायनर ओढून नवा घालू असं इथे चालत नाही. मूळ बोअर १०२ मिमी, स्ट्रोक १२० मिमी. झिजेची मर्यादा १०२.११६ मिमी, टेपर (वर-खालच्या मापातला फरक) ०.०७६ आणि लंबवर्तुळ ०.०३८ मिमीपर्यंत चालतं. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजला. सगळ्यात मोठं माप १०२.०६ आलं, टेपर ०.०४. म्हणजे रिबोअरची गरज नाही, फक्त होनिंग, म्हणजे दगडाने घासून बोअरवर बारीक रेघांची जाळी काढणं. मर्यादा ओलांडली असती तर अर्धा किंवा एक मिमी ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागले असते.

होनिंगनंतर बोअर रॉकेलने धुऊ नका. रॉकेल तेल काढतं, पण होनची बारीक कणी जाळीतच राहते आणि नव्या रिंगा पहिल्या हजार किलोमीटरमध्ये खाते. गरम पाणी, साबण, ब्रश, मग लगेच इंजिन ऑइल लावलेलं पांढरं कापड. कापडावर करडा डाग उमटायचा थांबेपर्यंत पुन्हा धुवायचं. इथे चार वेळा धुवावं लागलं.

रिंग गॅप बोअरमध्ये घालूनच मोजावी, पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नये. वरची रिंग ०.४० ते ०.७०, दुसरी आणि ऑइल रिंग ०.२५ ते ०.५५ मिमी. सतत ओझं ओढणाऱ्या इंजिनात वरची रिंग मधल्या मापाच्या खाली ठेवू नका. पिस्टन तापला की टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरखडतो.

क्रँकचे मेन जर्नल ८३ मिमीचे, बिग एंड ६९ मिमीचे. दोन्ही मापात निघाले, फक्त पॉलिश केलं. वरच्या मेन बेअरिंगचं भोक ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकाशी जुळतंय ना, हे प्रत्येक ठिकाणी टॉर्च लावून बघा. मेन बोल्ट तीन टप्प्यांत: ६०, ११९, १७६ न्यूटन-मीटर. कनेक्टिंग रॉडचे ३५, ७०, १००. प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हाताने फिरवून पाहावा. कुठे अडला तर तिथेच थांबून कॅप उलटी बसली का ते बघणं स्वस्त पडतं.

पुढची डॉवेल पिन

१२ व्हॉल्व्हवाल्यांना हे माहीत असतं, तरी लिहितो. पुढचं गिअर हाउसिंग ब्लॉकवर नेमकं बसावं म्हणून एक स्टीलची पिन असते. ती नुसती ठोकून बसवलेली, मागून धरणारं काही नाही. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते आणि टायमिंग गिअरमध्ये पडते. नशीब चांगलं असेल तर केस तडकून तेल गळतं, वाईट असेल तर कॅम गिअरचे दात जातात आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

या गाडीत पिन दीड मिमी बाहेर आली होती. उपाय सोपा: पिन परत आत ठोकायची आणि शेजारच्या बोल्टखाली छोटी स्टीलची पट्टी अशी घालायची की तिचं टोक पिनच्या तोंडावर येईल. बोल्टला थ्रेड लॉकर, टॉर्क २४ न्यूटन-मीटर. त्याच वेळी केसच्या आतले बाकीचे बोल्टही काढून, साफ करून, थ्रेड लॉकर लावून घ्या, कारण तेही ढिले होऊन पडतात. फॅन, डँपर आणि पुढचं कव्हर एवढंच उतरवावं लागतं, म्हणजे इंजिन गाडीत असतानाही हे होतं. बाकी काहीही करायचं नसलं तरी या इंजिनावर हे एक काम करा.

हेड

क्रॅक टेस्टला दिलं. दोन व्हॉल्व्ह सीटमधली जागा आणि नोझलचं भोक इथे विशेष पाहायला सांगितलं. चीर नव्हती. गाइड बदलले, सीट कापल्या, सपाट करण्यापुरतंच फेसिंग केलं.

एक्झॉस्ट ब्रेक (उतारावर एक्झॉस्टची वाट अडवून इंजिनानेच गाडी आवरणारा) लावायचा असेल तर हेड खाली असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हना ६० पाउंडांच्या स्प्रिंगा घाला. ब्रेकची झडप बंद झाली की मॅनिफोल्डमधला दाब व्हॉल्व्हला मागून ढकलतो. मूळची मऊ स्प्रिंग तो दाब पेलत नाही, व्हॉल्व्ह नको तेव्हा सीटवरून उचलला जातो आणि आपटत बसतो. सीट खराब होते आणि ब्रेकही नीट धरत नाही.

हेडचे बोल्ट २६. मधून बाहेर अशा क्रमाने सगळे ९० न्यूटन-मीटर, मग फक्त लांब बोल्ट १२०, मग सगळे आणखी ९० अंश. अंश मोजायला डोक्यावर पेंटने खूण करा. बोल्टच्या भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो, म्हणून प्रत्येक भोक हवेने फुंकून घेतलं. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, ३० पीएसआयच्या आत ठेवायचं आहे, त्यामुळे महागडे स्टड घातले नाहीत. ओढकामाला त्यांची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

टॅपेटची फट थंड इंजिनावर: इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणून इनटेक १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५ करायचे. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून इनटेक ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६. टायमिंग पिन प्लॅस्टिकची असते. ती टीडीसी शोधायला आहे, क्रँक अडवून धरायला नाही.

पंप आणि डिझेल लाइन

पंपाच्या आतल्या प्लेटला हात लावलेला नाही. सगळी सील मात्र बदलली. अमेरिकेत २००६ पासून १५ पीपीएम गंधकाचं डिझेल आलं, भारतात २०२० पासून बीएस-६ चं १० पीपीएमचं. या डिझेलवर जुनं, कडक झालेलं रबर आकसून गळतं. व्हायटॉन या डिझेलला टिकणाऱ्या रबराची सील मागा.

पंपाचं गिअर निमुळत्या शाफ्टवर बसतं, टायमिंग धरून ठेवणारी चावी तिथे नाही, नुसतं घर्षण. शाफ्ट आणि गिअरचं भोक दोन्ही ब्रेक क्लीनरने कोरडी ठक्क करा. तेलाचा थर राहिला तर नट १९५ न्यूटन-मीटरला आवळला तरी ओझ्याखाली गिअर सरकतं, टायमिंग मागे जातं आणि गाडी अचानक पांढरा धूर सोडू लागते. नट पूर्ण आवळण्याआधी पंपातली पिन काढायला विसरू नका, नाहीतर ती तुटून आत पडते. टायमिंग सध्या डेटा प्लेटवरच्या अंशावरच आहे. पुढे ढकललं तर एक्झॉस्टचं तापमान उतरतं हे खरं, पण सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तो हेड गॅस्केटवर येतो.

सकाळी उशिरा सुरू होणं ही या गाड्यांची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा पंप निर्दोष असतो, इंजिनाच्या मागच्या बाजूचे रबरी पाइप किंवा प्री-फिल्टरची ओ-रिंग हवा ओढत असते. गळताना दिसत नाही, कारण तिथे दाब नसून ओढ असते. सगळे पाइप नवे टाकले.

लिफ्ट पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल आणणाऱ्या पंपाचा दाब पी७१०० च्या तोंडाशी गेज लावून मोजा. आयडलला १७ ते २२ पीएसआय, २,५०० आरपीएमला २५ च्या वर हवा. कमी असेल तर रिटर्नचा रबरी पाइप क्षणभर चिमटून बघा. दाब उडी मारून वर गेला तर ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग थकलेली आहे, व्हॉल्व्ह बदला. नाही गेला तर लिफ्ट पंप किंवा तुंबलेली ओढ-लाइन. इथे व्हॉल्व्हच गेलेला होता. आयडलला ११ पीएसआय यायचे, बदलल्यावर २०.

उष्णता

रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसत होता. इंटरकूलर पुढे सरकवल्यावर मागे तेल आणि धुळीचा घट्ट लेप निघाला. कारण ब्रीदरची (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी) बाटली इंजिनाच्या पुढच्या बाजूला असते. तिच्यातून येणारी तेलाची वाफ हवेच्या झोताबरोबर रेडिएटरवर बसते आणि तिच्यावर धूळ चिकटते. ब्रीदरचा पाइप चेसिसच्या कडेने मागे नेला. लेप काढायला डिग्रीझर आणि मागून पुढे पाणी मारायचं, दाब बेताचा, नाहीतर पाती झोपतात.

एक्झॉस्टचं तापमान दाखवणाऱ्या पायरोमीटरची पिन टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये. टर्बोच्या नंतर लावलेली पिन ओझ्याखाली बरंच कमी तापमान दाखवते आणि नेमक्या वेळी फसवते. सलग चढावर मर्यादा १,२५० फॅरनहाइट, म्हणजे ६७७ अंश सेल्सिअस. त्याच्या वर ॲल्युमिनियमचा पिस्टन जायला लागतो. उंचीवर हवा विरळ, डिझेल तेवढंच, म्हणून काटा लवकर चढतो. तेव्हा पाय काढायचा आणि एक गिअर खाली घ्यायचा, कारण आरपीएम वाढला की हवा वाढते. जुना एकसंध मॅनिफोल्ड आकसून टोकांच्या बोल्टना तोडतो, म्हणून तीन तुकड्यांचा घातला.

गिअरबॉक्स आणि क्लच

एनव्ही ४५०० मजबूत आहे, पाचव्या गिअरचा नट सोडून. ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे पाचव्यात, कमी आरपीएमवर इंजिन दाबून चालवलं की सहा सिलिंडरचे हिसके त्या नटापर्यंत पोचतात, नट सुटतो, गिअर मागे सरकतं आणि पाचवा नाहीसा होतो. मागचं हाउसिंग उतरवून स्क्रूने आवळणारा सुधारित नट बसवला. तरीही ट्रेलर लावून पाचव्यात १,८०० आरपीएमच्या खाली चालवायचं नाही. तेल जीएल-४ चं ७५डब्ल्यू-८५. जीएल-५ घातलं तर सिंक्रो खराब होतात.

क्लच १३ इंची, ऑरगॅनिक प्लेटचा. सिरॅमिक बटणांची प्लेट पकडते जास्त, पण ट्रेलर रिव्हर्स घेताना गाडी धक्के खाते. फ्लायव्हीलचे बोल्ट १३७ न्यूटन-मीटर.

ब्रेक आणि बाकी

डिझेलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, म्हणून बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप आहे, पॉवर स्टिअरिंगच्या पंपाशी जोडलेला. दोघांमधलं सील गळलं की लोक पुढचं क्रँक सील बदलत बसतात. आधी इथे बघा. मागच्या ड्रमचे ॲडजस्टर दोन्ही जाम होते. सोडवले, नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर.

मागच्या स्प्रिंगांच्या मदतीला हवेच्या पिशव्या (एअर बॅग) बसवल्या आहेत. त्या गाडीचा मागचा भाग समतल ठेवतात, दारावरच्या स्टिकरवरची क्षमता वाढवत नाहीत. टायर एलटी २४५/७५ आर१६, लोड रेंज ई. ८० पीएसआयला एका टायरवर ३,०४२ पाउंड, म्हणजे १,३८० किलो. गूजनेकच्या बॉलवर ट्रेलरच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के येतात. पाच टनांवर २० टक्के धरले तरी मागच्या ॲक्सलवर एक टन वाढतो, आणि हिशेब सगळ्यात आधी टायरपाशी संपतो. काट्यावर प्रत्येक ॲक्सल वेगळा तोलल्याशिवाय निघायचं नाही.

राहिलेली कामं: ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकच्या कंट्रोलरचं सेटिंग. ते ४० किमी वेगाला हाताने ब्रेक देऊन, चाकं लॉक व्हायच्या किंचित अलीकडे आणायचं. मग एक्झॉस्ट ब्रेकची वायरिंग. आणि ८०० किमी बिनट्रेलरचे, क्लच आणि रिंगा दोन्ही बसण्यासाठी. त्या काळात एकाच आरपीएमवर तासन्‌तास चालवायचं नाही, आयडलवर सोडून द्यायचं तर अजिबात नाही, बोअर गुळगुळीत होतो आणि रिंगा बसत नाहीत. ८०० नंतर तेल बदल, फिल्टरसकट १०.४ लिटर, थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा, आणि मग पहिला ट्रेलर अर्धाच भरलेला.