आठ थ्रेड आणि छत्तीस हजारांची रांग

पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी बॅकएंडचं काम करते. आमच्या सर्व्हरवर सगळ्यात मोठा लोंढा येतो तो पिग्मीचा. दिवसभर दुकानोदुकानी फिरून गोळा केलेली रक्कम एजंट संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान मोबाइलवरून चढवतात आणि प्रत्येक नोंदीमागे खातेदाराला एक एसएमएस जातो. भाजीची गाडी लावणाऱ्या बाईने एजंटच्या हातात शंभर रुपये ठेवले, तर ते खात्यावर चढले याचा तिच्याकडे त्या दिवशी राहणारा पुरावा म्हणजे तो एसएमएस.

एका सोमवारी साडेसातला शाखांचे फोन सुरू झाले. मेसेज येत नाहीत. मग ते उशिराने येत राहिले, शेवटचे तर साडेदहाला, लोक झोपायच्या वेळी. मंगळवारी पुन्हा तेच. सर्व्हर बघावा तर सीपीयू ४ टक्क्यांवर, मेमरी ठीक, लॉगमध्ये एकही एरर नाही. एसएमएस पाठवायला आम्ही जावा या प्रोग्रामिंग भाषेतला थ्रेड पूल वापरत होतो, म्हणजे रांगेतली कामं एकेक करून उचलणाऱ्या कामकऱ्यांचा (थ्रेडचा) ताफा. कॉन्फिगरेशनमध्ये कोअर, म्हणजे नेहमीचे थ्रेड, ८ आणि मॅक्स, म्हणजे जास्तीत जास्त, ६४.

"अगं, चौसष्ट थ्रेड आहेत, कमी कसे पडतील?" टीम लीड म्हणाले. "गेटवेवाल्यांना फोन लाव."

गेटवे म्हणजे आमचे मेसेज मोबाइल कंपन्यांपर्यंत पोचवणारी सेवा. तिथले लोक म्हणाले, आमच्याकडून उत्तर जातंय, थोडं हळू जातंय इतकंच. शेवटी मंगळवारी साडेसातला सर्व्हिस रीस्टार्ट करायचं ठरलं. मीच केली. मेसेज लगेच सुरळीत झाले आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. बुधवारी सकाळी कळलं की आदल्या संध्याकाळचे जवळजवळ २७ हजार मेसेज कधी गेलेच नाहीत. पैशांच्या नोंदी डेटाबेसमध्ये सुरक्षित होत्या. पण मेसेज ज्या रांगेत उभे होते ती रांग प्रोसेसच्या मेमरीत होती आणि रीस्टार्टबरोबर ती पुसली गेली. त्या दिवशी शाखांमध्ये पासबुक घेऊन माणसं आली होती. काहींनी एजंटला रस्त्यात गाठून जाब विचारला होता, आणि त्या एजंटांनी काहीही चूक केलेली नव्हती. हे ऐकल्यावर मी ठरवलं की हा पूल आतून काय करतो ते समजल्याशिवाय त्याच्या एकाही आकड्याला हात लावायचा नाही.

बुधवारी संध्याकाळी सातला जेस्टॅक या जावाच्या साधनाने थ्रेड डम्प, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतोय याची यादी, घेतला. एसएमएसच्या पूलमधले थ्रेड मोजले. आठ. चौसष्ट नाहीत, वीसही नाहीत. आठही जण गेटवेच्या सॉकेटवर, म्हणजे त्याच्याशी जोडलेल्या नेटवर्कच्या दुव्यावर, उत्तराची वाट बघत बसलेले. डम्पमध्ये त्यांची अवस्था 'रनेबल', म्हणजे चालू, अशी दिसत होती आणि मी त्यावर अर्धा तास फसले. सॉकेट वाचताना अडकलेला थ्रेड जावाच्या नजरेत रनेबलच असतो, कारण तो थांबलाय ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत. सीपीयू ४ टक्के का होता, ते तिथे उलगडलं.

मग साधा हिशेब मांडला. पूर्वी गेटवे ०.४ सेकंदात उत्तर द्यायचा, म्हणजे आठ थ्रेड सेकंदाला २० मेसेज काढायचे. गर्दीच्या वेळी येणारे सेकंदाला ९. दोन वर्षं सगळं आरामात चाललं ते यामुळे. आता उत्तराला २ सेकंद लागू लागले, म्हणजे सेकंदाला फक्त ४ बाहेर. दर सेकंदाला ५ मागे राहणार. दोन तासांत ३६ हजार. ते ४ च्या वेगाने काढायला ९ हजार सेकंद, म्हणजे अडीच तास. आठ अधिक अडीच, साडेदहा. सोमवारची वेळ तंतोतंत जुळली. उरला एकच प्रश्न. रांगेत ३६ हजार कामं उभी असताना उरलेले ५६ थ्रेड आले का नाहीत?

शनिवारी घरी बसून मी आधी स्वतःचा पूल लिहिला. लायब्ररीचा कोड थेट वाचायला घेतला असता, तर त्यातली प्रत्येक ओळ कोणत्या दुखण्यावरचा उपाय आहे हे मला कळलं नसतं. कल्पना अगदी साधी आहे. एकदा संपलेला थ्रेड पुन्हा सुरू करता येत नाही. म्हणून त्याला संपूच द्यायचं नाही. त्याला एका लूपमध्ये ठेवायचं: रांगेतून काम उचल, कर, पुन्हा रांगेकडे ये. रांग रिकामी असेल तर झोप. काम टाकणारा रांगेत काम ठेवतो आणि झोपलेल्या एकाला उठवतो. रांगेसाठी एक लिंक्ड लिस्ट, एका वेळी एकालाच तिला हात लावू देणारा एक लॉक, झोपायला वेट आणि उठवायला नोटिफाय. साठेक ओळींत झालं.

आणि पाच मिनिटांत मोडलं. मी 'रांग रिकामी असेल तर झोप' ही तपासणी 'इफ'ने लिहिली होती. उठवलेला थ्रेड लॉक परत मिळवेपर्यंत दुसऱ्याच थ्रेडने ते काम उचललेलं असू शकतं, मग हा रिकाम्या रांगेत हात घालतो. तिथे 'व्हाइल' हवं: उठल्यावर पुन्हा बघायचं, नसेल तर पुन्हा झोपायचं. दुसरी मोडतोड जास्त वाईट होती. एका कामाने एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, फेकलं, ते थ्रेडच्या रन मेथडबाहेर गेलं आणि थ्रेड मेला. तीन थ्रेडचा माझा पूल तीन खराब कामांनंतर पूर्ण निपचित झाला. रांग मात्र कामं घेतच राहिली.

रात्री जेडीकेमधला, म्हणजे जावाच्या स्वतःच्या संचातला, थ्रेडपूलएक्झिक्युटर उघडला. आम्ही वापरत होतो तो पूल हाच. हा कोड २००४ साली जावा ५ बरोबर आला. डग ली यांच्या नेतृत्वाखाली जावाच्या जेएसआर १६६ या प्रस्तावाच्या तज्ज्ञ गटाने तो घडवला. त्यातल्या टिप्पण्या इतक्या मनापासून लिहिलेल्या आहेत की कोडइतकाच वेळ मी त्या वाचण्यात घालवला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर एक्झिक्यूट या मेथडमध्ये, मोजून तीन पायऱ्यांत होतं. काम आलं की पूल आधी बघतो, थ्रेड कोअरपेक्षा कमी आहेत का? असतील तर नवा थ्रेड, आणि हे काम त्याचं पहिलं काम. कोअर भरलेला असेल तर काम रांगेत टाकून बघतो. आणि रांगेने 'जागा नाही' म्हटलं, तरच, मॅक्सपर्यंत नवे थ्रेड उभे करतो. मॅक्सही भरला तर काम नाकारतो. आमची रांग होती लिंक्डब्लॉकिंगक्यू, मर्यादा न दिलेली. मर्यादा दिली नाही की ती २१४ कोटींच्या वर असते. अशी रांग कधीच नाही म्हणत नाही, म्हणून तिसरी पायरी कधीच येत नाही. ६४ हा आकडा दोन वर्षं नुसता लिहिलेला होता.

आमच्यापैकी प्रत्येकाची समजूत अशी होती की आधी थ्रेड ६४ पर्यंत वाढतील, मग रांग लागेल. दवाखान्यात गर्दी झाली की दुसरा डॉक्टर बोलावतात, तसं. इथे क्रम उलटा आहे, आधी बाकडी भरतात आणि बाकडी भरल्यावरच डॉक्टर बोलावतात. दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलेलं आहे, अमर्याद रांगेबरोबर मॅक्सचा काहीही परिणाम होत नाही हेसुद्धा. आमच्यापैकी कुणी वाचलं नव्हतं. या क्रमाला कारण आहे. थ्रेड महाग असतो, ६४ बिटच्या लिनक्सवर प्रत्येकाच्या स्टॅकसाठी (त्याच्या कामचलाऊ मेमरीसाठी) साधारण १ एमबी जागा राखली जाते, आणि क्षणभराच्या गर्दीसाठी नवे थ्रेड जन्माला घालण्यापेक्षा काम थोडं थांबलेलं परवडतं. सीपीयू खाणाऱ्या कामांना हे बरोबरच आहे. नेटवर्कवर वाट बघण्यात आयुष्य जाणाऱ्या कामांना मला ते पटत नाही. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर बनवणाऱ्यांनाही पटलं नसावं. त्यांची रांग, सगळे थ्रेड गुंतलेले पण मॅक्सपेक्षा कमी असताना, मुद्दाम 'जागा नाही' असं उत्तर देते आणि पूलला आधी थ्रेड वाढवायला लावते.

उत्तर मिळालं होतं, तरी कोड मिटवावासा वाटेना. पूल चालू आहे की बंद होतोय, आणि आत्ता किती थ्रेड आहेत, या दोन गोष्टी मी माझ्या पूलमध्ये दोन वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवल्या होत्या. इथे दोन्ही एकाच ३२ बिटच्या आकड्यात आहेत. वरचे ३ बिट अवस्थेला, खालचे २९ थ्रेडच्या मोजणीला. म्हणून थ्रेडची कमाल संख्या ५३ कोटींच्या पुढे कुठेतरी अडते, जी कुणालाच लागणार नाही. पण हेतू जागा वाचवण्याचा नाही. 'पूल चालू आहे' हे बघणं आणि 'म्हणून मोजणी एकने वाढव' हे करणं, यांच्या मधल्या फटीत कुणी पूल बंद केला तर? दोन व्हेरिएबल असतील तर लॉक लागतो. एकच आकडा असेल तर कम्पेअर अँड स्वॅप, म्हणजे आकडा मी वाचला तोच असेल तरच बदलणं, पुरतं. मी वाचल्यापासून दोहोंपैकी काहीही बदललं असेल तर ते फसतं आणि पुन्हा वाचून ठरवावं लागतं.

काम रांगेत गेल्यानंतरही एक्झिक्यूट पुन्हा एकदा अवस्था तपासतो. पहिल्यांदा मला ती ओळ फालतू वाटली. पण काम रांगेत टाकेपर्यंत पूल बंद झालेला असू शकतो, किंवा शेवटचा थ्रेड मेलेला असू शकतो. मग ते काम रांगेत उभं आणि घ्यायला कुणीच नाही. पहिल्या शक्यतेत काम परत काढून नाकारलं जातं, दुसरीत एक नवा थ्रेड उभा केला जातो. माझा निपचित पूल आठवला आणि त्या दोन ओळींबद्दल आदर वाटला.

कामकरी थ्रेड 'वर्कर' नावाच्या वस्तूत गुंडाळलेला असतो आणि वर्करला स्वतःचं एक कुलूप असतं. काम करताना तो ते लावून घेतो. बाहेरच्याला, हा रिकामा आहे का, हे कुलूप लागतंय का बघून कळतं. शटडाउन म्हटलं की जे रिकामे झोपलेत त्यांनाच इंटरप्ट करून उठवलं जातं, काम करणाऱ्याच्या खांद्यावर कुणी हात ठेवत नाही. आणि हे कुलूप त्याच थ्रेडला दुसऱ्यांदा लावता येत नाही, मुद्दाम. नाहीतर एखाद्या कामाने आतूनच पूलचा आकार बदलला असता, तर थ्रेडने स्वतःलाच रिकामा समजून इंटरप्ट केलं असतं.

झोपायचे प्रकारही दोन. थ्रेड कोअरपेक्षा जास्त असतील तर वर्कर रांगेवर ठरावीक वेळच थांबतो आणि तेवढ्यात काम आलं नाही तर लूपमधून बाहेर पडून संपतो. नाहीतर काम येईपर्यंत थांबतो. कोअरचा थ्रेड आणि जादाचा थ्रेड असा शिक्का कुणावर मारलेला नसतो. त्या क्षणी मोजणी किती आहे एवढंच बघतात.

काम फुटलं तर थ्रेड इथेही मरतो, पण जाताना त्याच्या जागी नवा उभा केला जातो. आणि लॉग कोरा का होता तेही सापडलं. आम्ही एक्झिक्यूटऐवजी सबमिट वापरत होतो. सबमिट कामाला फ्यूचरटास्क नावाच्या वेष्टनात बांधतो, एक्सेप्शन पकडून आत ठेवतो आणि 'गेट' म्हणून निकाल मागितल्यावरच दाखवतो. आमच्या कोडमध्ये 'गेट' कुठेच नव्हतं. चुकीच्या मोबाइल नंबरांचे मेसेज दोन वर्षं गुपचूप पडत होते.

सोमवारी टीम लीडसमोर बसले. "सर, मॅक्स कधी वापरलाच गेला नाही," म्हणून तीन पायऱ्या कागदावर काढून दाखवल्या. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते चौसष्ट मीच लिहिले होते."

लिटलच्या सूत्राने हिशेब केला: सेकंदाला ९ कामं गुणिले प्रत्येकी २ सेकंद, म्हणजे कोणत्याही क्षणी १८ थ्रेड गुंतलेले. गेटवे एका वेळी ३० जोडण्या देतो. कोअर आणि मॅक्स दोन्ही २४ ठेवले, रांग ५०० ची अ‍ॅरेब्लॉकिंगक्यू, आणि गेटवेच्या उत्तराला ५ सेकंदांची टाइमआउट, जी आधी नव्हतीच. रांग भरल्यावर काय, यासाठी मी आधी 'कॉलर रन्स', म्हणजे काम टाकणाऱ्यानेच ते करायचं, हे धोरण लावून बघितलं. चाचणीत एजंटचं अ‍ॅप अडकायला लागलं, कारण नोंद घेणारा थ्रेडच एसएमएस पाठवत बसला. ते काढलं. आता नोंदीबरोबर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही लिहिलं जाईल, नाहीतर काहीच नाही) मेसेजची ओळ एका टेबलात 'बाकी' म्हणून लिहिली जाते. एसएमएसची सर्व्हिस वेगळी आहे, ती रांगेत जेवढी जागा शिल्लक असेल तेवढ्याच ओळी उचलते आणि गेटवेचं उत्तर आल्यावरच 'गेला' असं लिहिते. मधेच बंद पडली तर एखादा मेसेज दोनदा जाईल. ते चालेल असं आम्ही ठरवलं, हरवलेला चालणार नाही.

पुढच्या बुधवारी पावणेसातला, ऐन गर्दीत, आम्ही ती सर्व्हिस मुद्दाम रीस्टार्ट केली. कमांड पुन्हा मीच दिली. शटडाउन, हातातली कामं संपेपर्यंत थांबणं, मग पुन्हा सुरुवात. चाळीस सेकंदांनी ती उभी राहिली तेव्हा टेबलात ३६१ ओळी बाकी होत्या. लीड माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी दर दहा सेकंदांनी क्वेरी चालवत होते: ३३०, २९८, २७१. दीड मिनिटाच्या आसपास आकडा दोन अंकी झाला आणि मग अठराच्या आसपास स्थिरावला.