इथपर्यंत

सोमवार, १६ डिसेंबर २०१९, सांगली

बालवाडीतून चिठ्ठी आली. येत्या मंगळवारी, २४ तारखेला, शाळेत सांताक्लॉज येणार आहे. काय हवंय त्याचं चित्र प्रत्येक मुलानं काढलंय. बाई ते कागद गुपचूप आयांच्या हातात देतात. आपण ती वस्तू आणायची, रंगीत कागदात बांधून वर नाव घालायचं आणि सोमवारपर्यंत शाळेत पोचवायची. किंमत शंभर रुपयांच्या आत.

संध्याकाळी फाटकापाशी सगळ्या जणी कागद हातात घेऊन उभ्या होत्या. एकीच्या मुलाला जेसीबी हवाय. खेळण्यातला नाही, पुरानंतर गल्लीतला गाळ उपसायला आला होता तसला, आणि तो चालवणारे काकाही. एकाला रबरी बोट हवीय, शिट्टी वाजवणाऱ्या जवानांसकट. एकीला बहीण हवीय, पण बाळ नको, एकदम बोलणारी. आणि एका मुलीनं कांदे काढलेत. पोतंभर कांदे. कांदा शंभरीच्या वर गेल्यापासून घरात भाजी फोडणीला टाकताना रोज तेच बोलणं होतं म्हणे. पोरीनं ते ऐकलं आणि आपल्या वाटणीचा सांता आईला देऊन टाकला. सांगताना त्या माउलीचा आवाज भरून आला, आणि आम्हा बाकीच्यांनाही काही बोलता येईना.

आमच्या लेकीच्या कागदावर एक लांब आडवी रेघ आहे. रेघेच्या खाली बारकीशी मुलगी, दोन्ही हात वर केलेली. कोपऱ्यात बाईंनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'उंची पाहिजे म्हणते.'

मंगळवार, १७ डिसेंबर

रात्री जेवताना ह्यांना कागद दाखवला. वर्गात ती सगळ्यांत बुटकी आहे, प्रार्थनेला पहिली उभी राहते, त्यामुळं कुणीतरी चिडवलं असेल असं आम्हा दोघांनाही वाटलं. टाचेची चप्पल घ्यावी का, इथपर्यंत बोलणं गेलं.

हे टपाल खात्यात असल्यामुळं पत्रांच्या गोष्टी ह्यांना बऱ्याच ठाऊक. कॅनडाच्या टपाल खात्यानं म्हणे सांताला स्वतंत्र पिनकोड दिलाय, तो वाचला की 'हो हो हो' असा दिसतो. मुलं पत्रं टाकतात आणि त्यांना उत्तरंही जातात. अमेरिकेत तर १९१२ पासून सांताच्या नावानं आलेली पत्रं लोकांना उघडू देतात, ज्याला जमेल त्यानं उत्तर द्यावं, वस्तू पाठवावी.

मी विचारलं, "आणि कुणालाच जमणार नाही असं काही मागितलेलं असलं तर?"

ह्यांचा हात ताटातच थांबला. म्हणाले, "उत्तर तरी द्यायला पाहिजे की."

रात्री ताईचा साताऱ्याहून फोन आला. भावोजी फौजेत, यंदा नाताळ-संक्रांत दोन्ही तिकडंच. तिच्या सहा वर्षांच्या मुलानं शाळेत सांताकडं 'बाबांची सुट्टी, पण न संपणारी' मागितलीय. ताईनं त्याला खरं ते सांगितलं, की सुट्टी सांता देत नाही, साहेब देतात. तर तो साहेबांना पत्र लिहायला बसला. ताईनं ते टपालात टाकलं नाही, पण भावोजींना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, एवढंच ती म्हणाली. मीही पुढं काही विचारलं नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. सकाळी घट मांडला, संध्याकाळी सासूबाईंनी कहाणी वाचली. लेक मांडीला मांडी लावून बसली होती. कहाणी संपल्यावर तिनं विचारलं, "आजी, सांता एका रात्रीत सगळ्यांच्या घरी कसा काय जातो?"

सासूबाई जराही अडखळल्या नाहीत. "दत्त महाराज नाही का जात? सकाळी काशीला अंघोळ, दुपारी कोल्हापुरात भिक्षा, रात्री माहूरला झोप. ज्याला जायचंय त्याला जाता येतं." लेकीला हे पूर्ण पटलं.

मग त्यांनी तिला रामाची गोष्ट सांगितली. बाळ राम चंद्रासाठी हटून बसला, काही केल्या ऐकेना, शेवटी आरशात चंद्र दाखवला आणि तो हसला. त्यानंतर उपमन्यूची. गरिबाघरचा मुलगा, पाहुण्यांच्या घरी एकदा खरं दूध प्यायलेला. घरी येऊन दूध मागायला लागला. आईनं पाण्यात पीठ कालवून दिलं. त्यानं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"त्याच्या आईला माहीत होतं ते दूध नाही ते?"

"तिनंच कालवलं होतं, बयो."

"मग तिनं खोटं दिलं."

"दिलं. पण मग त्याला जवळ घेऊन खरं सांगितलं, की आपल्याकडं दूध नाही. तेव्हा तो तप करायला गेला आणि शंकरानं त्याला दुधाचा अख्खा समुद्र दिला."

आरशाची गोष्ट मला लहानपणापासून आवडायची. त्यात मोठी माणसं हुशार ठरतात. आज मात्र उपमन्यूच्या आईशीच माझं मन अडून राहिलं. वाटी खाली ठेवलेली बघितल्यावर तिला काय वाटलं असेल, आणि खरं बोलायला तिला किती बळ लागलं असेल.

रात्री लेकीला थोपटताना मी सरळ विचारलं, "उंची कशासाठी हवीय गं तुला?"

ती उठली, माझा हात धरून मला आतल्या खोलीत घेऊन गेली. कपाटाच्या मागं बोट दाखवलं.

बाहेरची खोली आम्ही दिवाळीच्या आधी रंगवून घेतली. आतली राहिली, पैसे पुरले नाहीत. कपाटामागं ऑगस्टातल्या पुराची रेघ अजून आहे तशी आहे. वरच्या कडेला चहाच्या डागासारखी तपकिरी, खाली भिंतीला पोपडे, एका जागी वाळून चिकटून बसलेलं कसलंसं पान. झाडताना ती रोज माझ्या डोळ्यांसमोरून जाते. मी ती बघायची कधीच सोडून दिली होती.

"इथपर्यंत," ती म्हणाली. "सांतानं मला इथपर्यंत करायचं."

"का?"

"मी बाबांच्या खांद्यावर होते ना. म्हणून आजीला जागा नव्हती. मी एवढी असते तर चालत आले असते. मग बाबांनी आजीला उचललं असतं."

त्या पहाटे गावभागात पाणी चढलं तेव्हा सासूबाई निघायलाच तयार नव्हत्या. २००५ ला घोट्याच्या जरा वर आलं आणि गेलं, ह्यावेळी आणखी काय येणार, हेच घरोघरी चाललं होतं. आम्हीही तेच म्हणत होतो. मग बघता बघता पाणी मांडीला लागलं. ह्यांनी लेकीला खांद्यावर घेतलं, मी कागदपत्रांची पिशवी डोक्यावर घेतली. सासूबाईंचे गुडघे त्या पाण्यात चालण्यासारखे नव्हते, त्या शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेल्या. दोन रात्रींनी बोटीतून आल्या. आमच्या लेखी ते तिथंच संपलं होतं. आजी सुखरूप आली, आम्ही देवापुढं साखर ठेवली.

पाच वर्षांची पोर चार महिने हे मनात घेऊन हिंडत होती, आणि मी तिच्यासाठी टाचेची चप्पल बघत होते. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडले. तिनंच माझे डोळे पुसले.

शनिवार, २१ डिसेंबर

पेढीवर दिवसभर हळदीचे हिशेब लिहिताना आकडे चुकत होते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मिरजेची. तिथं डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली मिशनचं इस्पितळ काढलं, तिचे आजोबा तिथंच कंपाउंडर होते. तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "आमच्याकडं नाताळला मागण्यांची यादी नसते गं. नवे कपडे, करंज्या, चकल्या, दाराला चांदणी आणि घरात गव्हाण. पण पोरं ती पोरंच." तिच्या मुलीनं गेल्या वर्षी गव्हाणीत ठेवायला खरं वासरू मागितलं होतं, मातीचं चालणार नाही म्हणाली. शेवटी शेजारच्यांचं शेळीचं करडू तासभर आणलं. त्यानं गव्हाणीतलं गवत सगळं खाऊन टाकलं आणि मुलगी धन्य झाली.

मग तिनं निकोलसची गोष्ट सांगितली. हा सांता मुळात चौथ्या शतकातला बिशप, आज तुर्कस्तानात असलेल्या मायरा गावचा. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती. निकोलसनं रात्री, कुणाला न कळू देता, त्यांच्या घरात सोन्याच्या पिशव्या टाकल्या, अशी कथा आहे. "त्या पोरींनी काही मागितलं नव्हतं," मैत्रीण म्हणाली. "त्यानंच ओळखलं." घरी येताना बसमध्ये माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

येताना कापड पेठेत उतरले आणि शिंपी वापरतात तो पिवळा टेप घेतला. वीस रुपये.

रविवार, २२ डिसेंबर

जेवणं झाल्यावर सगळे आतल्या खोलीत बसलो. ह्यांनी कपाट ओढून बाजूला घेतलं. मी लेकीला खरं ते सांगितलं. उंची सांताला देता येत नाही, ती ज्याची त्यालाच येते. रेघ साडेचार फुटांवर आहे, ती तीन फूट पाच इंच. तिच्या वयाची मुलं वर्षाला दोन-अडीच इंच वाढतात, म्हणजे अजून पाच-सहा वर्षं. ती बोटं मोजत राहिली. तोंड उतरलं होतं, पण रडली नाही.

मग ह्यांनी तिला म्हटलं, "चूक तुझी नव्हती. तू खांद्यावर होतीस म्हणून आजी राहिली नाही. आम्ही मोठ्यांनी उशीर केला म्हणून राहिली." हे वाक्य इतके दिवस घरात कुणीच म्हटलं नव्हतं. सासूबाई पदराशी चाळा करत खाली बघत होत्या.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. ऑगस्टात ते ५७ च्याही वर गेलं. आम्ही ठरवलं, ३५ झालं की आजी मिरजेला माझ्या आईकडं. सगळ्यांच्या आधी, ऊन पडलेलं असलं तरी. सासूबाई म्हणाल्या, "उगंच दर पावसाळ्यात बोचकं घेऊन फिरू काय मी?" लेक त्यांच्याकडं नुसती बघत राहिली. मग त्याच म्हणाल्या, "बरं. जाईन की."

"लिहा," लेक म्हणाली. ह्यांनी पेन्सिल घेऊन रेघेच्या वर भिंतीवर लिहिलं: ३५ फूट, आजी पहिली. तिला अजून नीट वाचता येत नाही. तिनं आकड्यावर बोट फिरवून बघितलं. खोली रंगवायची तेव्हा एवढी जागा तशीच ठेवायचं ठरलं.

मंगळवार, २४ डिसेंबर

सांता आला. कापसाची दाढी सारखी घसरत होती, पण मुलांना त्याचं काही नव्हतं. जेसीबीवाल्याला छोटा पिवळा जेसीबी मिळाला, तो लगेच वाळूत बसला. कांदेवालीच्या आईनं बाहुलीच्या डब्याबरोबर एक खरा कांदा बांधला होता. पोरगी बाहुली दप्तरात टाकून कांदा दोन्ही हातांत धरून घरी गेली.

आमच्या लेकीनं टेप उलगडला, टोकाला टोक लावून पुन्हा गुंडाळला, आणि माझ्याकडं बघून हसली. तिला कळलं असावं कुणी आणलाय ते. बोलली काही नाही.

बुधवार, २५ डिसेंबर

दुपारी मिरजेला मैत्रिणीकडं नाताळच्या करंज्या खाऊन आलो. आल्यापासून घरात मोजमाप चाललंय. उंबरा, देवघर, कुकर, बाबांचा पाय, दारातलं मांजर. मी पाच फूट एक इंच भरले. शेवटी सासूबाईंना रेघेच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं, स्वतः स्टुलावर चढली आणि मला आकडा वाचायला सांगितला.

चार फूट आठ इंच.

तिनं रेघेपासून सासूबाईंच्या भांगापर्यंत बोटं ठेवून मोजली. वेळ लावून, नीट.

"आजी, तुझं फक्त कपाळ वर राहिलं असतं."

"म्हणून तर वर जाऊन बसले होते ना मी, बयो," सासूबाई म्हणाल्या, आणि तिला स्टुलावरून उतरवून कडेवर घेतलं. गुडघे दुखत असताना.